गळ, गरी आणि ४७ नगांची फेरिस्त

दाभोळच्या बंदरावर मासे गरवण्यासाठी मी प्रथम उतरलो, तेव्हा माझ्यासमवेत एकंदर ४७ नग होते, आणि हा आकडा अंदाजपंचे दिलेला नसून महसूल खात्यात बत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या मनुष्याने स्वहस्ते तयार केलेल्या फेरिस्तीवरून दिलेला आहे. ती फेरिस्त तीन प्रतींत होती. एक माझ्या खिशात, एक पेटीच्या झाकणाच्या आतील अंगास डकवलेली, आणि एक घरी सौभाग्यवतीच्या ताब्यात, की न जाणो खाडीत आमच्यावर काही बिकट प्रसंग गुदरलाच, तर पंचनाम्यास अडचण पडू नये.

पहिल्या तीन क्रमांकांवर काठ्या होत्या: एक खाडीची, एक नदीची, आणि एक या दोहोंपैकी कोणतीही मोडल्यास तिच्या जागी काम चालवण्याची. त्यांच्यापाठोपाठ दोन रिळे, निरनिराळ्या जाडीच्या तंगुसाची सहा बंडले, लहानमोठ्या गऱ्या, शिशाचे मणी, भोवरकड्या, पिसांचे व पत्र्याचे लबाड मासे, मासा पाण्याबाहेर उचलण्याची लांब दांडीची जाळी, घडीची खुर्ची आणि त्या खुर्चीवर ऊन येऊ नये म्हणून तिला जोडावयाची छत्री. क्रमांक ३१ वर काठीच्या शेंड्यास अडकवण्याची पितळी घंटी होती, जिने मासा लागल्याची वर्दी द्यावी अशी अपेक्षा होती. क्रमांक ३८ वर दहा किलोपर्यंत वजन दाखवणारा स्प्रिंगचा काटा होता. त्यावर आजवर तोलला गेलेला सर्वांत वजनदार जलचर म्हणजे आमच्या पाणवठ्याच्या गल्लीत विकत घेतलेला पापलेट. क्रमांक ४४ म्हणजे मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीचे छापील कोष्टक. आणि क्रमांक ४७ वर खुद्द फेरिस्तच होती, कारण प्रवासात बरोबर घेतलेला कागद हाही नगच होय, असा आमच्या कचेरीचा दंडक होता.

या सरंजामास शास्त्राधार नव्हता असे नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर, ज्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्यकारभार सांभाळून 'मानसोल्लास' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्याने राजाच्या विनोदांत गळाने मासे धरण्यास मानाचे स्थान दिले असून, दोरी कशी असावी, गळ कसा असावा, कोणत्या माशास कोणते आमिष रुचते, याचा ऊहापोह 'मत्स्यविनोद' या प्रकरणात केला आहे. पुढे १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' लिहिणारा हेन्री सलिव्हन टॉमस हा तर मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी, म्हणजे दूरान्वयाने आमचा खातेबंधूच. अशा थोर पुरुषांनी ज्या छंदास एवढा कागद खर्ची घातला, तो छंद दोन पिशव्यांत मावावा ही गोष्ट मला छंदाच्या प्रतिष्ठेस कमीपणा आणणारी वाटे. सोमेश्वराची सामग्री वाहण्यास सेवक होते, हे मात्र माझ्या ध्यानात दापोलीच्या स्थानकावर आले.

कारण तत्पूर्वीची सर्व रात्र मुंबईहून निघालेल्या एस.टी.त गेली होती, आणि तेथे ओझ्याचा भार माझ्यापेक्षा इतरांवरच अधिक पडला होता. कंडक्टरने प्रथम काठ्यांच्या नळकांड्यांकडे, नंतर माझ्याकडे, आणि नंतर पुन्हा नळकांड्यांकडे पाहून पृच्छा केली, "ह्यात काय, नकाशे?" मी खरी हकीकत सांगितल्यावर तो अतिशय सौजन्याने म्हणाला, "मग परत येताना माशांचं लगेज वेगळं पडेल हो, आधीच सांगून ठेवतो." कशेडी घाटाच्या एका वळणावर वरच्या फळीवरील जाळी दांडीसकट निसटली आणि माझ्या पुढच्या बाकावर घोरत असलेल्या एका स्थूल गृहस्थाच्या मस्तकावर अशी बिनचूक बसली की, त्या जाळीत मी पुढे कधीही काही पकडले नसले तरी तिच्या कार्यक्षमतेविषयी मला शंका घेता येत नाही. गृहस्थ जागे झाले; जाळीच्या आतूनच त्यांनी "महाड गेलं का?" असे विचारले, आणि गेल्याचे कळताच जाळी न काढता पुन्हा झोपी गेले. त्यांना उतरावयाचे महाडलाच होते, हे खेडला उघडकीस आले.

दाभोळ हे वाशिष्ठी नदी समुद्रास मिळते तेथले बंदर. एके काळी येथून इराण-अरबस्तानाशी व्यापार चाले, आणि आदिलशाही अमदानीतली मशीद अद्यापही बंदरालगत उभी आहे. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १५व्या शतकात हिंदुस्थानात भटकून परत निघाला, तो याच बंदरातून गलबतावर चढला. तो चौलला उतरला तेव्हा त्याच्या मालमत्तेतली लक्षात राहण्याजोगी बाब म्हणजे विकावयास आणलेला एक घोडा. तोही जुन्नरच्या खानाने मध्यंतरी जप्त केला आणि मागाहून परत दिला. एक नग जप्त होतो आणि एक नग परत मिळतो, असा सुटसुटीत हिशेब पुढे करणाऱ्या त्या प्रवाशाचा, धक्क्यावर आपले नग तिसऱ्यांदा मोजताना, मला मनापासून हेवा वाटला. माझे ४६ भरत होते. सत्तेचाळिसावा हातात होता.

दिवस आश्विन वद्य दशमीचा. पहाटे सहाला धक्क्यावर पोहोचलो, तेव्हा तेथे एक वृद्ध खारवी उकिडवा बसलेला होता. एका रिकाम्या बाटलीस गुंडाळलेला तंगूस, त्याच्या टोकास गरी, शेजारी करवंटीत कोलंबीचे तुकडे, एवढाच त्याचा बारदाना. गावात त्यास तांडेल म्हणत, कारण पूर्वी त्याची होडी होती. मी माझी पेटी उघडली. काठीचे तीन तुकडे एकमेकांत बसवणे, कड्यांतून तंगूस ओवणे, एक कडी चुकली म्हणून तो पुन्हा उपसणे, भोवरकडी बांधणे, चष्मा बदलणे, गाठ मारण्याच्या पुस्तकात (क्रमांक ४२) गाठ शोधणे, वाऱ्याने पान उलटणे, या सर्व विधींना यथासांग वेळ देणे भाग होते. तांडेल मधून मधून मासा काढून करंडीत टाकी आणि आदबीने विचारी, "सायेब, दुकान कवा उघडनार?"

दुकान आठ वाजता उघडले. मी पवित्रा घेऊन काठी फिरवली, आणि शिसे दूर खाडीत न पडता 'फच्' असा आवाज करून चिखलात पडले. कारण पाणी निघून चालले होते. मी कोष्टक उघडणार इतक्यात तांडेलाने बोटांच्या पेरांवर गणित करून दाखवले: तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. दशमीचे साडेसात. अष्टमीचे सहा. घटकाभर इकडेतिकडे होईल, पण मासे घड्याळ बाळगीत नसल्याने त्यांची तक्रार नसते. पाऊणकीचा पाढा मला चौथीपासून येत होता. तो येणाऱ्या मनुष्याने छापील कोष्टकास पैसे मोजावेत, हे मला फारच लागले.

नंतर तांडेलाने पाग फेकला. त्यात आलेल्या शिंगाळ्याचा जबडा त्याने कल्ल्यांमागचे काटे सांभाळीत, दोन बोटांनी हळूच उघडून माझ्यापुढे धरला. आत करवंदाएवढी पिवळसर अंडी दाटीवाटीने बसलेली होती. शिंगाळ्याचा नर मादीने घातलेली अंडी तोंडात वागवतो, आणि पिले फुटून मार्गस्थ होईतो कित्येक आठवडे अन्नास तोंड लावीत नाही. सबब असा नर गरीला कधी लागावयाचा नाही, जाळ्यातच यावयाचा. तांडेलाने त्यास पाण्यात सोडून दिले. मी त्या माशाकडे बंधुभावाने पाहिले. त्याचेही तोंड सामानाने इतके गच्च भरलेले होते की, ज्यासाठी पाण्यात यावयाचे ते त्यास करता येत नव्हते.

परतीच्या गाडीत योगायोगाने तोच कंडक्टर भेटला. त्याने माझी करंडी पाहिली, काही बोलला नाही, आणि माशांच्या लगेजाचा विषय त्याने मोठ्या मनाने काढलाच नाही.

घरी आल्यावर मी फेरिस्तीस 'शेरा' नावाचा नवा रकाना जोडला आणि प्रत्येक नगापुढे तो वापरला गेला की नाही याची नोंद केली. वापरलेले नग अकरा निघाले, आणि त्यांतही छत्री ही खुर्चीमुळे वापरावी लागली होती व खुर्ची ही काठी जोडण्यास लागलेल्या दोन तासांमुळे. सामान कमी करण्याचा निश्चय करून मी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानातून चौदा खणांची अत्यंत हलकी पिशवी आणली. खण चौदा असल्यामुळे चौदाही भरणे ओघानेच आले, आणि महिन्याभरात फेरिस्त ५२ वर गेली. काटकसरीचे खाते उघडले की पहिला खर्च ते खाते उघडण्याचाच पडतो, हे आम्ही सरकारात पुष्कळ पाहिलेले होते.

अखेर आमचे शेजारी, निवृत्त ओव्हरसियर, यांनी तोड काढली. त्यांनी मला खुर्चीवर बसवले, डोळे मिटावयास सांगितले आणि म्हणाले, "आता पेटीत काय काय आहे ते सांगा. जे आठवणार नाही, ते माळ्यावर." मला नऊ वस्तू आठवल्या. त्यांतली विजेरी त्यांचीच होती, ती ते घेऊन गेले.

राहिले ते आजोबांच्या पितळी पानाच्या डब्यात बसले. सहा खणांच्या त्या डब्यात काथाच्या खणात लहान गऱ्या, लवंगांच्या खणात मोठ्या, सुपारीच्या खणात शिशाचे मणी, मधल्या खणात तंगुसाची दोन वेटोळी आणि अडकित्त्याच्या जागी छोटी सुरी, अशी व्यवस्था झाली. चुना मात्र चुन्याच्याच जागी राहिला, कारण मनुष्याने एकदम सर्वस्वाचा त्याग करू नये. या व्यवस्थेत एकच न्यून होते, ते दुसऱ्या खेपेस माणगाव सोडल्यावर प्रत्ययास आले. शेजारच्या वयोवृद्ध वकिलांनी डबा पाहून हात पुढे केला, आणि मी खिडकीबाहेर पाहत असता अंधारात सुपारीच्या खणातला एक दाणा तोंडात टाकला. थोड्या वेळाने ते विचारपूर्वक म्हणाले, "सुपारी चिकणी दिसते. मऊ आहे, पण चव उतरली आहे हो." तो मणी त्यांच्या मुखातून परत मिळवताना मला जी वकिली करावी लागली, ती त्यांनी उभ्या जन्मात केली नसेल.

दाभोळच्या धक्क्यावर या वेळी माघ शुद्ध अष्टमी होती. सहाची भरती, म्हणून चारच्या अंधारात बसलो. काठी नाही, रीळ नाही. चुंबळीएवढे तंगुसाचे वेटोळे मांडीवर आणि त्याचा एक पदर तर्जनीच्या पेरावरून पाण्यात. पहिली वीस मिनिटे मला आपले बोट बधिर झाल्याचा संशय येत राहिला. मग त्यावर कोणी तरी टिचकी मारल्यासारखे झाले, पुन्हा झाले, आणि तांडेल अंधारातून म्हणाला, "काळुंद्र हाय. खातंय कुरतडून. वडू नका." पुढे पुढे मला त्या पदरावरची लिपी लागू लागली. शिंगाळा आमिष घेऊन सावकाश, ओझे ओढीत चालल्यासारखा निघतो. खेकडा ताणतो आणि सोडतो, ताणतो आणि सोडतो, एखाद्या अर्जदारासारखा. आणि तांबोशी काही पूर्वसूचना न देता असा हिसका मारते की, तंगूस बोटास कापून जातो आणि मग तो बोटातून सळसळत धावत असता आपण धरावे की सोडावे, याचा निर्णय डोक्यापर्यंत न जाता मनगटातच होऊन जातो. घंटीची वर्दी ऐकून मग खुर्चीवरून उठणाऱ्यास हे कसे कळावे? उजाडता उजाडता मी दोन पावशेरांची एक तांबोशी वर काढली. वजन मी हातानेच ठरवले आहे. काटा माळ्यावर होता, म्हणून ते सव्वा शेर न लिहिता मी सत्यास धरून लिहीत आहे.

तांडेल मात्र खट्टू दिसला. धक्क्यावर एव्हाना पाचसहा पोरे जमली होती आणि माझ्या पानाच्या डब्याकडे घोर निराशेने पाहत होती. चौकशी करता असे निष्पन्न झाले की, मी येणार हे समजल्यापासून तांडेलाने आठवडाभर गावात माझ्या यंत्राचे वर्णन केले होते. मागल्या खेपेस मी चिखलातून शिसे सोडवीत असता त्याने माझे रीळ उचलून, मान कलती करून, तानपुऱ्याची जवार ऐकावी तसा त्याचा कटकट आवाज ऐकला होता, ते मला आता स्मरले. "यंत्र विकलंव का सायेब?" त्याने विचारले. आवाजात दुःख होते.

मुंबईस पोहोचताच मी क्रमांक १ ची काठी आणि क्रमांक ४ चे रीळ एस.टी.च्या पार्सलाने दाभोळास पाठवले. महिन्याने नातवाच्या अक्षरात अंतर्देशीय पत्र आले, की यंत्र उत्तम चालते, परंतु त्यास कोणते तेल घालावे ते कळवावे. मी तेल पाठवले. पुढल्या पत्रात भोवरकड्या मागितल्या होत्या, त्यापुढल्यात पत्र्याचे मासे, आणि गाठींचे ते पुस्तक, चित्रांसकट. तिसऱ्या खेपेस मी गेलो तेव्हा षष्ठी होती, साडेचारची भरती. साडेचारला मी तिसरा मासा काढत होतो, आणि माझ्या शेजारी तांडेल नाकावर नातवाचा चष्मा चढवून कडीतून तंगूस ओवीत होता. एक कडी चुकली होती. मी आदबीने विचारले, "तांडेल, दुकान कधी उघडणार?" त्याने मला उत्तर दिले नाही, तो गाठीत होता.

काल त्याचे ताजे पत्र आले. काठीच्या शेंड्यास लावावयाची घंटी असते असे पुस्तकात चित्र आहे, ती साहेबांकडे असल्यास पाठवावी. शिवाय बसावयास काही असल्यास बरे, गुडघे दुखतात. मी माळ्यावर शिडी लावली. फेरिस्तीत क्रमांक ३१ पुढे 'निरुपयोगी' असा शेरा होता. तो लाल शाईने खोडून त्यावर 'दाभोळ येथे रवाना' असे लिहिले, खाली सही केली, आणि खुर्ची छत्रीसह पाठवावी की छत्रीविना, या मुद्द्यावर ओव्हरसियरांचा अभिप्राय मागवला आहे.