कूळ कसे ओळखावे? (नवशिक्यांसाठी)

आधी आपण कुठे बसलो आहोत ते पाहा. लग्नाच्या बैठकीत ‘तुमचं कूळ कोणतं?’ असा प्रश्न आला, तर छाती फुगवून पणजोबांपासून सुरुवात करा. तलाठ्याच्या टेबलापाशी ‘जमिनीला कूळ आहे का?’ असा आला, तर आधी घोटभर पाणी प्या. तिथे पूर्वज चालत नाहीत; तिथे कूळ म्हणजे तुमची जमीन कसणारा दुसरा माणूस.

व्युत्पत्ती विचारणाऱ्या हुशारांसाठी: संस्कृतात कुल म्हणजे घराणे. त्यावरून सारा भरणारे घर ते कूळ आणि त्याचा हिशेब लिहिणारा कुळकर्णी. पुढे सावकारानेही आपल्या ऋणकोला कूळच म्हटले.

आता व्याकरण. मालक पुल्लिंगी, कूळ नपुंसकलिंगी. नांगर धरणारा चांगला झुपकेदार मिशांचा असला, तरी ‘ते कूळ फार माजलंय’ असेच म्हणायचे. (हे वाक्य ओटीवर बसूनच जमते; बांधावरून म्हणून पाहू नये.) अलिबागजवळच्या चरीत 1933 साली कुळांनी खोतांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी कसणेच बंद केले. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चाललेला हा संप 1939 पर्यंत टिकला. उपासमार झाली, पण नांगर हलला नाही. तेवढ्या काळात खोतांनी ‘माजलंय’ किती वेळा म्हटले असेल, हा गृहपाठ.

सरावासाठी सात-बारा घ्या. नवशिका मालकाचे नाव वाचून उताऱ्याची घडी घालतो. तसे करू नका. ‘इतर अधिकार’ वाचा; कूळ तिथे दडलेले असते. 1948च्या कुळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी बहुतेक कुळे कायद्याने खरेदीदार मानली गेली. मात्र कलम 32 ग खाली किंमत ठरायची, ती भरायची आणि मग 32 म चे प्रमाणपत्र. या पायऱ्यांवर कित्येकांच्या चपला झिजल्या. विदर्भ-मराठवाड्याचे कायदे वेगळे. तिकडच्या विद्यार्थ्यांनी निराळी वही करावी.

प्रगत धडा: त्याच कुळाचा नातू आता मालक आहे. तो नोकरीला शहरात, जमीन दुसऱ्याकडे अर्धलीने. ‘हे तुमचं कूळ का?’ असे त्याला चारचौघांत विचारू नका. ‘वाटेकरी’ म्हणा. तेही तोंडीच, पावती मागू नका, आणि पुढच्या वर्षी तिथे दुसराच माणूस दिसला तर कारण विचारू नका.