विरार फास्टमधला वर्गणीदार

मासिक वाचायला दोन्ही कोपरं हलवता येतील एवढी जागा लागते. विरार फास्टमध्ये ती मिळत नाही. मोबाइल पुढच्याच्या पाठीला टेकवूनही चालतो. त्यामुळे मासिकांच्या घटत्या खपावर परिसंवाद भरतात तेव्हा आम्हा उभ्या प्रवाशांना कुणी का बोलवत नाही, हे मला कोडं आहे.

तरी आमच्या वसईला मासिकांचं वावडं कधीच नव्हतं. इथल्या कॅथलिक समाजाचं ‘सुवार्ता’ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ एवढी वर्षं संपादित केलं. चर्चचं मासिक म्हटलं की संतचरित्रं आणि सणावारांचे कार्यक्रम एवढंच असणार, असा समज. दिब्रिटोंनी तो टिकू दिला नाही. धर्माच्या वेशीबाहेरचे लेखक आणि वाचक त्यांनी आत आणले. हरित वसईसाठी लोक रस्त्यावर उतरले तेव्हा हे संपादक महाशय त्यांच्या पुढे होते. पुढे २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

२००९मध्ये वसई-विरारला महानगरपालिका आली, २०११च्या जनगणनेत वस्ती बारा लाखांच्या पुढे गेली. या हिशेबाने वर्गणीदारांची रांग लागायला हवी होती! पण पूर्वी बागायतीतल्या घराच्या ओट्यावर अंक पडायचा, तो घरातले सगळे वाचायचे, मग शेजारी न्यायचे. आता तो इमारतीच्या पत्रपेटीत विजेचं बिल आणि पिझ्झ्याच्या पत्रकांखाली महिनाभर समाधी लावून बसतो. शेजारी मात्र बदललेला नाही. फक्त हल्ली तो म्हणतो, ‘पीडीएफ आहे का हो?’

दिवाळी अंकाची चाल १९०९मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने पाडली. वसईने तिला नाताळ अंकाची जोड दिली. अशा अंकात कादोडी बोलीतली एखादी गोष्ट भेटते, एखाद्या आजीच्या लग्नाची आठवण असते. हिरव्या वसईसाठी गळा काढणारा लेख असतो आणि मलपृष्ठावर बिल्डरच्या रंगीत शुभेच्छा असतात. दोन्ही तितकेच मनापासून. मला हा विनोद वाटत नाही, ही वसईची खरी गोष्ट वाटते. मोबाइल मला माझ्याच आवडीचं वाढत राहतो. मासिकात मी पाककृती शोधायला जातो आणि मधल्या पानावर पाण्याच्या प्रश्नात अडकतो. जे मागितलंच नव्हतं ते वाचायला लावणं, हेच मासिकाचं काम. खानदेशातून, कोकणातून, उत्तरेतून आलेल्या नव्या वसईकरांना जुनी वसई भेटायची तर ती अशीच आडवाटेने भेटेल.

लिहिणारे कमी नाहीत. आमच्या मजल्यावरच तीन कवी आहेत, आणि तिघेही आपली कविता छापून आलेलाच अंक विकत घेतात.

तेव्हा यंदाच्या नाताळात अंक उसना मागू नका. वर्गणी भरा. मग काही खटकलंच, तर संपादकांना खरमरीत पत्र लिहा. त्यांना वर्गणीइतकीच त्याचीही गरज असते.