टाकी, टाका आणि टँक

गच्चीवरची लोखंडी टाकी गळायला लागली, तेव्हा आमचा प्लंबर शिडीवर चढला, आत डोकावला आणि वरूनच ओरडला, "काका, टाकीला टाका मारून भागायचं नाही. नवा टँकच घ्या." खर्चाचा अंदाज घ्यायचा सोडून मी भलत्याच विचारात पडलो. टाकी, टाका, टँक! तिघांचीही नाकं एकाच घराण्यातली वाटत होती.

टँक हा साहेबाचा शब्द, असं आपण धरून चालतो. खुद्द साहेबाच्या कोशांना मात्र तशी खात्री नाही. सतराव्या शतकात त्यांच्या लोकांनी तो हिंदुस्थानातून उचलला असावा, गुजराती 'टांकुं'वरून नाहीतर आपल्या 'टाकं'वरून, असं ते म्हणतात. पोर्तुगीजांच्या 'तांक'चाही त्यावर दावा आहे. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये यूल आणि बर्नेल यांनी दोन्ही पक्षांचं ऐकून घेतलंय.

माझा कौल टाक्याला. (न्यायाधीश घरचाच आहे, हे मान्य.) शिवनेरीवर गंगा-जमुना टाक्यांपाशी वाकून बघा. कातळात खोदलेली ती थंडगार खोली आणि तिच्या भिंतीवरचे हत्याराचे ओरखडे. संस्कृतात 'टंक' म्हणजे छिन्नी. मराठीत छिन्नीलाही टाकी म्हणतात, जिचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही. म्हणजे टाकीनं खोदलं ते टाकं. मला तरी हे पटतं.

पण हा पाणक्या शब्द रणगाडा कसा झाला? १९१५ साली इंग्लंडात लिंकन गावच्या कारखान्यात पत्र्याची अजस्र धुडं तयार होत होती. ती काय आहेत, याचा शत्रूला सुगावा लागू द्यायचा नव्हता. म्हणून रशियासाठी पाणी वाहून न्यायची यंत्रं, अशी हूल उठवायचं ठरलं. त्यासाठी 'वॉटर कॅरियर' हे नाव पुढं आलं. पण लष्कराला आद्याक्षरांची भारी हौस, आणि इथं आद्याक्षरं निघाली डब्ल्यू. सी.! रशियासाठी संडास बनवतोय, असं कागदोपत्री कोण लिहिणार? अखेर डिसेंबरात 'टँक'वर शिक्कामोर्तब झालं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ही 'पाण्याची टाकी' तोफा डागत चिखलातून पुढं सरकली. गुपित फुटलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथं पोरं टँकपुढं उभी राहून फोटो काढून घेतात. त्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी गावात उन्हाळ्यात "टँकर आला!" अशी हाक उठली की हंडे, कळश्या, बादल्या घेऊन माणसं धावत सुटतात. तेव्हा फोटोसाठी कोणी थांबत नाही.

आणि मुंबईतल्या सी. पी. टँकला उतरून पाणी शोधाल तर बिसलेरीच मिळेल. नावातला तलाव कधीच बुजला.

संध्याकाळी प्लंबरला विचारलं, "काय रे, टाकी म्हणायचं की टँक?"

तो कानावरची पेन्सिल काढत म्हणाला, "काका, लिटर सांगा."