पावतीपुरतं पुण्य

बंगळुरात देणगी मागणाऱ्यांना चुकवायचा माझा हुकमी मंत्र होता, ‘कन्नड गोत्तिल्ला’, म्हणजे कन्नड येत नाही. परवा इंदिरानगर मेट्रो स्थानकाबाहेर गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेल्या एका मुलीवर तो टाकला. ती हिंदीवर आली, मग इंग्रजीवर. शेवटी मी फोन कानाला लावून ‘अगं, निघालोच’ म्हणालो आणि घात झाला. ‘काका, मी बेळगावची!’

सीमाप्रश्न माझ्या खिशापर्यंत पहिल्यांदाच आला.

याच शहरातल्या अझीम प्रेमजींनी २०२०-२१ या वर्षात ९,७१३ कोटी रुपये दान दिल्याची नोंद हुरूनच्या दानशूरांच्या यादीत आहे. म्हणजे दिवसाला सुमारे २७ कोटी. मी पाचशे दिले, तेही ‘८० जीची पावती मिळेल ना?’ असं दोनदा विचारून. जिना उतरेपर्यंत कर्ण झाल्यासारखं वाटत होतं. घरी सौ. म्हणाली, ‘अहो, आपण नव्या करप्रणालीत गेलोय. तिथे ८० जीची करसवलत मिळत नाही.’ करुणा जागच्या जागी आटली.

पावती मग सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. सतरा नमस्कार आलेत. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी अजून पाहिलेलं नाही.