डॉक्टर, पत्रास कारण की...

डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागत नाही, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या हसतोय. डॉक्टरांना येणारी सरकारी पत्रं कोण वाचतं? बहुधा ती टाइप करणारा.

१ जानेवारी २०२४ ला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने मेडिकल कॉलेजांतल्या डॉक्टरांना कळवलं: अँटिबायोटिक लिहिताना कारणही लिहा. सल्ला रास्तच. पण ओपीडीची रांग जिन्यापर्यंत गेलेली असताना केसपेपरच्या कुठल्या कोपऱ्यात लिहायचं, हे एखाद्या निवासी डॉक्टरला कुणी विचारलं?

विचारायचं? आणि अधिकाराचं काय?

इंग्लंडच्या तेव्हाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी २०१४ मध्ये अँटिबायोटिकचा सर्वाधिक मारा करणाऱ्या दवाखान्यांना पत्र धाडलं. धमकी नाही, कलम नाही. एवढंच, की तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात. सोबत पेशंटच्या हाती द्यायला माहितीपत्रक. सहा महिन्यांत अंदाजे ७३ हजार प्रिस्क्रिप्शन्स टळली.

शेजाऱ्याने जमवलं आणि आपल्याला जमेना, हे एमडीलाही झोंबतं.

ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये पत्रांचेच नमुने पारखले. नुसतं ज्ञान पाजणाऱ्या पत्राने घट ३.२ टक्के, सहकाऱ्यांशी तुलनेचा आलेख दाखवणाऱ्याने १२.३. जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे डॉक्टरला पत्राने शिकवायचं?

पत्र पाठवण्याआधी मसुदा चार डॉक्टरांपुढे ठेवा, मोठ्याने वाचायला लावा. आठी पडेल ते वाक्य खोडा. ‘आमच्याकडे म्हातारे पेशंट जास्त’, ‘हे आकडे गेल्या वर्षीचे’ हे सगळं तिथेच कळतं. खर्च चहा-बिस्किटांचा.

आपल्याकडे त्यासाठी समिती नेमतील. तिच्यात दवाखाना चालवणारा सोडून सगळे असतील.

माहितीपत्रकाबद्दल पेशंटलाही विचारा. ‘जरा स्ट्राँग द्या’ म्हणणारे आणि साध्या सर्दीला इंजेक्शन दिलं नाही म्हणून डॉक्टर बदलणारे आपणच.

पण तुलनेचं पत्र लिहायला आधी मोजावं लागतं. नाक्यावरचा खासगी डॉक्टर महिन्याला किती अँटिबायोटिक लिहितो, हे सरकारला कुठे ठाऊक?

औषध कंपनीच्या एमआरला ठाऊक असतं. तो केमिस्टकडे डोकावतो, कुठलं औषध किती खपलं ते विचारतो, डॉक्टरांचा कल बघतो आणि मग दोन मिनिटांत सांगता येईल एवढंच बोलतो.

त्याचं मात्र डॉक्टर ऐकून घेतात.