मागच्या खोलीतला एक्सपी

तुमच्या कानावर आलंच असेल. नसेल तर सांगते, पण माझं नाव मध्ये आणू नका. आमच्या ओळखीतल्या एका पतसंस्थेनं दिवाळीच्या तोंडावर एकदम चौदा नवे कॉम्प्युटर घेतले. पेढे वाटले, कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं, आणि मॅनेजरसाहेब भेटेल त्याला ‘आम्ही इलेव्हनवर गेलो हो’ म्हणत सुटले. जणू अकराव्या मजल्यावर फ्लॅटच घेतलाय. अन् काल त्यांच्याच शिपायानं चहा देता देता फोडलं. रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या लेजरच्या गठ्ठ्यांमागे, एक जुना विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर ठेवलाय. चालू! रोज साडेपाचला कॅशियर आत जातात, आतून कडी लावतात आणि अर्ध्या तासानं बाहेर येतात.

शोभतं का हे? सहकार क्षेत्रात?

या लगीनघाईचं मूळ तुम्हाला ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची देखभाल थांबवली. ज्या कंपन्यांना पुढेही सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्यात, त्यांनी पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर मोजायचे, मग दरवर्षी दुप्पट, तेही तीनच वर्षं. आमच्या गावच्या सावकाराची एवढी छाती झाली नव्हती. आणि गंमत म्हणजे ‘ही शेवटची विंडोज’ असं २०१५ साली त्यांच्याच एका माणसानं व्यासपीठावरून सांगितलं होतं! घरोघरी ‘आता बास’ म्हणतात आणि पाळणा पुन्हा हलतो, तशातली गत. २०२१ मध्ये अकरावी आलीच.

बरं, आली ती केवढ्या तोऱ्यात! टीपीएम २.० ची चिप हवी. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. सोयरिकीतसुद्धा हल्ली कुणी इतक्या पिढ्या मोजत नाही. सातव्या पिढीचं धडधाकट यंत्र दारातून परत. पण मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सरफेस स्टुडिओ २ सातव्या पिढीचा निघाला, तेव्हा मात्र त्याच्या प्रोसेसरचं नाव हळूच यादीत घुसवलं. घरचा जावई ना!

पण पतसंस्थेचं दुखणं चिपचं नाहीच, ते फॉक्सप्रोचं. व्याजाच्या हिशोबाचा प्रोग्रॅम १९९६ साली कुणा हुशार पोरानं डॉसवरच्या फॉक्सप्रोत लिहून दिला. पोरगा पुढे परदेशी गेला आणि त्यानं लिहिलेला मूळ कोड कुठे गेला ते देवाला ठाऊक. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत येते आणि तिला डॉसचे प्रोग्रॅम चालत नाहीत. दहाची ३२ बिटांची आवृत्ती निदान मागच्या दारानं त्यांना आत घ्यायची, म्हणून इतकी वर्षं खपून गेलं. ते दार बंद झालं आणि माळ्यावरचा एक्सपी खाली उतरवावा लागला. तोच, ज्याची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला संपली. नव्या सॉफ्टवेअरनं एका ठेवीवर ३७ पैशांचा फरक दाखवला म्हणे. ऑडिटरला तो समजावत बसण्यापेक्षा कडी लावलेली बरी.

आणि पतसंस्थाच कशाला? लग्नपत्रिका छापणाऱ्या कुठल्याही जुन्या डीटीपीवाल्याकडे डोकावा. पुढच्या टेबलावर चकचकीत यंत्र, आणि पडद्यामागे पेजमेकर ७, २००१ सालचा. मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. तीच फाइल नव्या यंत्रावर उघडली की ‘चि. सौ. कां.’ च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. त्यात फॉन्टचं कुलूप उघडणाऱ्या डोंगलला हवं प्रिंटरचं जुनं रुंद भोक, ते आता आणायचं कुठून? एक मालक तो डोंगल रोज रात्री रुमालात बांधून घरी नेतात. बायकोचे दागिने कपाटात, डोंगल उशाखाली.

थोरामोठ्यांकडेही तेच हो. २०२४ च्या जानेवारीत जर्मनीत जाहिरात झळकली: रेल्वेच्या चालकासमोरच्या पडद्यांसाठी विंडोज ३.११ आणि डॉस जाणणारा माणूस पाहिजे! जर्मनीत!

एक मात्र विचारून घेतलं मी शिपायाला, नेटची वायर जोडलीय का? कारण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांची काय दैना केली ती मी विसरले नाही. तो म्हणाला, ‘नाही ताई, साहेब पेनड्राइव्हवर आणतात.’ तोच पेनड्राइव्ह ज्यावर त्यांच्या मुलीची गाणी आहेत. मी पुढे काही विचारलं नाही.

आता एक नवा पोरगा आलाय तिथं कामाला. म्हणतो, खोलीबिलीची गरज नाही, व्हर्च्युअल मशीन करून एक्सपीला विंडोज ११ च्या पोटातच बसवू. म्हणजे एकाच छपराखाली दोन्ही, दिवसाढवळ्या, सगळ्या स्टाफसमोर! मॅनेजरसाहेबांचा चेहरा लालबुंद. कॅशियर मात्र सगळं शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी चष्मा पुसत त्यांनी एवढंच विचारलं, ‘आणि कडी कुठून लावायची?’