बर्लिनचा वाढदिवस

१९८७ साली बर्लिन साडेसातशे वर्षांचं झालं. शहराचे तुकडे दोन, म्हणून वाढदिवसही दोन! पश्चिमेने भर रस्त्यात आधुनिक शिल्पं मांडली. वोल्फ फोस्टेलने चौकात दोन कॅडिलॅक गाड्या काँक्रीटमध्ये गाडल्या. ओलाफ मेत्सेलने पोलिसी बॅरिकेड्सचा ढीग रचला. नागरिक खवळले. रहदारी आणि अडथळे रोज फुकट दिसत असताना त्यासाठी कलावंत कशाला, हा सवाल रास्तच. मॅचिन्स्की-डेनिंगहॉफ दांपत्याने एकमेकींत गुंतलेल्या, पण मधोमध तुटलेल्या पोलादी नळ्या उभारल्या: दुभंगलेल्या शहराचं प्रतीक. दोनच वर्षांत भिंत पडली. माणसं भेटली, नळ्या अजून फटकूनच आहेत. उत्सव समित्यांनी धडा घ्यावा: ज्याचा अर्थ लागतो, ते शिल्प कालबाह्य होतं. कुणालाच न कळणारं निवडावं, ते चिरंतन.